आखडलेला खांदा आणि साखर

नमस्कार, श्रोतेहो.

पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचं हूक लावता येईना, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की उजव्या खांद्याचं काहीतरी बिनसलंय. मग रात्री त्या कुशीवर वळलं की दंडापर्यंत कळ जायची आणि झोप उडायची. मधुमेह तेव्हा अकरा वर्षांचा जुना. पण साखरेच्या डॉक्टरांना मी खांद्याचं सांगितलं नाही, आणि हाडांच्या डॉक्टरांना साखरेचं सांगायचं राहिलं. चार महिने असेच गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून आज बोलतेय.

याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. आपण म्हणतो, खांदा आखडला. सांध्याभोवती पिशवीसारखं लवचिक आवरण असतं; ते आधी सुजतं, मग जाड होऊन आवळत जातं. एरवी १०० जणांत २ ते ५ जणांना होणारा हा त्रास मधुमेह असलेल्यांत साधारण १० ते २० जणांना होतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती शरीरातल्या कोलॅजन या प्रथिनाला चिकटते आणि ते ताठर होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. नमस्कार करताना तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, तर तीही त्याच ताठरपणाची खूण असू शकते. आत्ता हात जोडून पाहा.

एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, ‘वयाचं आहे, चालायचंच.’ माझ्याकडेही म्हणाले. फार लागलं ते मनाला, कारण ठणका खरा होता.

पहिले काही महिने ठणका, मग ठणका उतरतो पण हात जाम, आणि मग सावकाश मोकळीक. यात एक ते तीन वर्षं जातात. साखर असली तर दुखणं आणखी चिवट. हात गळ्यात बांधून ठेवू नका, आणि कुणाला हिसडा मारून ‘मोकळा’ही करू देऊ नका. फिजिओथेरपिस्टनी मला शिकवलं ते असं: चांगला हात टेबलावर टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडून हलकेच झुलवायचा. नंतर भिंतीवर बोटांनी चढत जायचं. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पेन्सिलने खुणा करायचे. पहिली खूण हनुवटीच्या उंचीवर होती. तीन आठवड्यांत ती चार बोटं वर सरकली.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणार असतील, तर काही दिवस साखर चढते, तेव्हा ती घरी तपासायची तयारी ठेवा. हाताला बधिरपणा असेल तर गरम पिशवीने भाजल्याचंही कळत नाही. आणि खांदा किंवा हात अचानक दुखू लागून घाम फुटला, धाप लागली, तर तो खांदा समजू नका, तडक दवाखाना गाठा. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो.

गेल्या महिन्यात वरच्या फळीवरचा डाळीचा डबा मी माझ्या हाताने काढला. हूक अजून लागत नाही. घराला रंग द्यायचाय, पण पेन्सिलच्या खुणांची ती पट्टी तशीच सोडायला सांगितली आहे.