बाटलीवरच्या दोन सह्या

[दृश्य: पहाट, ओहोटी. खाडीच्या चिखलात निवट्या शोधणाऱ्या बायका. पहिली वीस सेकंद निवेदन नाही, फक्त पावलांचा आवाज.]

पालघर जिल्ह्यातली, बोईसरजवळची तारापूर औद्योगिक वसाहत इथून दिसत नाही. वारा फिरला की तिचा वास येतो, एवढंच.

तिथल्या कारखान्यांचं रसायनी पाणी दोन वाटांनी समुद्राकडे येतं. एक वाट पाइपलाइनची, ती किनाऱ्यावरच्या नवापूरला जाते. ती सरकारी नकाशावर आहे. दुसरी नाल्यांची. ती नकाशावर नाही, पण या बायकांना विचारा, डोळे मिटून दाखवतील.

२०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. तारापूरला मिळाले ९३.६९. देशात पहिला नंबर.

[दृश्य: कारखान्याचं आवार. फक्त हात.]

हा कारखाना कोणता ते सांगायचं नाही आणि कोणाचा चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर आम्हाला आत सोडलं. त्यामुळे इथे तुम्हाला हातच दिसतील. पण या गोष्टीत खरं काम हातांचंच आहे.

निळे हातमोजे घातलेले हात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याचे. घड्याळ घातलेला हात कारखान्याच्या मॅनेजरचा. कारखान्याच्या ईटीपीतून, म्हणजे सांडपाण्याच्या प्रक्रिया यंत्रणेतून, पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दोरीला बांधलेली बादली सोडली जाते. पाणी चहाच्या रंगाचं, वर पातळ फेस. आधी तापमान, मग पीएच, दोन्ही जागच्या जागी मोजायचं, कारण हे पाणी वाटेत बदलतं. सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप; त्यासाठीच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्लाचे थेंब पडतात. पाण्यातल्या जिवाणूंनी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काही खाऊ नये, म्हणून.

आता नीट बघा. नमुन्याचे दोन भाग होतात, मॅनेजरच्या डोळ्यांदेखत. दोन्हींवर चिठ्ठी, दोन्हींवर मोहोर. अधिकारी सही करतो. पेन मॅनेजरकडे सरकवतो. मॅनेजर सही करतो.

[विराम. लाख थंड होताना जवळून.]

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ ते हे. नमुना तपासायला नेतोय, अशी नोटीस तिथल्या तिथे द्यायची. समोर दोन भाग करायचे. खुणा, मोहोर, दोघांच्या सह्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत, आणि कारखान्याने मागणी केली तर दुसरा वेगळ्या प्रयोगशाळेत. यातली एक पायरी जरी सुटली, तरी त्या पाण्याचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही. मॅनेजर मुद्दाम गायब झाला तर? तेही कायद्याने धरलंय. मग अधिकारी एकट्याच्या सहीने नमुना पाठवतो.

[दृश्य: जुनी राजपत्रं, मंडळाची पाटी]

महाराष्ट्र या बाबतीत दिल्लीच्या आधी जागा झाला होता. आपला पाणी प्रदूषणाचा कायदा १९६९ चा, आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचं मंडळ उभंही राहिलं. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून आधी राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तो करायला सांगावा लागला. हवेचा कायदा १९८१ चा. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं, आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला.

या सगळ्यातून कारखानदाराच्या हातात पडतो तो एक कागद, संमतीपत्र. बोलीत 'कन्सेंट'. कारखाना उभारायच्या आधी एक, चालू करायला दुसरं, आणि मुदत संपली की नूतनीकरण. त्यात लिहिलेलं असतं, दिवसाला किती पाणी सोडायचं आणि त्यात काय किती चालेल. पीएच साडेपाच ते नऊच्या आत. सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत. या कागदाचा एक बारकावा सहज नजरेतून सुटतो: प्रदूषण मुळीच करू नका, असं तो म्हणत नाही. किती केलं तर चालेल, ते सांगतो.

[दृश्य: प्रयोगशाळा. उकळत्या नळ्यांची रांग.]

सीओडी म्हणजे पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचा हिशोब. नमुन्यात नारिंगी रंगाचं डायक्रोमेट घालून दोन तास उकळवतात. घाण जितकी जास्त, तितकं डायक्रोमेट खर्ची पडतं, आणि नारिंगीचा हिरवा होत जातो.

[तिसरी नळी जवळून.]

ही तिसरी नळी उकळायच्या आधीच हिरवी पडली. म्हणजे नमुना पातळ करून पुन्हा पहिल्यापासून. केमिस्टबाई वैतागल्या नाहीत, त्यांना सवय आहे. शेवटी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जातात. निळसर हिरवा रंग एका थेंबात तांबूस होतो, आणि त्या आकडा लिहितात.

आकडा मर्यादेबाहेर गेला की कारणे दाखवा नोटीस. उत्तर पटलं नाही तर कलम ३३अ. हे १९८८ मध्ये आलं, आणि मंडळाच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच. कोर्टात न जाता कारखाना बंद करण्याचा, वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. वसाहतीत त्याला नुसतं 'क्लोजर' म्हणतात. अनेकदा बँक गॅरंटी भरून काही दिवसांनी भोंगा पुन्हा वाजतो.

[दृश्य: सामायिक प्रक्रिया केंद्राच्या टाक्या, उंचावरून]

लहान कारखान्याला स्वतःची पूर्ण यंत्रणा परवडत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एक केंद्र चालवायचं, सीईटीपी. कल्पना चांगली आहे. तारापूरचं केंद्र दिवसाला अडीच कोटी लिटरचं होतं. येणारं पाणी वर्षानुवर्षं त्याहून जास्त. दिवसाला पाच कोटी लिटरचं नवं केंद्र नंतर आलं. मधल्या काळात जास्तीचं पाणी कुठे गेलं, ते पहिल्या दृश्यातल्या बायकांना माहीत आहे.

मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाचा कायदा २०१० चा, आणि जो घाण करील त्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व त्यातच लिहिलेलं आहे. सुनावणीची दृश्यं आमच्याकडे नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये शंभरहून जास्त कारखाने आणि सामायिक केंद्रावर मिळून शेकडो कोटींची भरपाई बसवली गेली. आणि २०२४ च्या दुरुस्तीने जल कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांचा तुरुंगवास काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. ती स्वीकारणाऱ्या राज्यांत लागू होते.

[दृश्य: मोबाइलवरचा व्हिडिओ. रात्र, धो धो पाऊस, टॉर्चच्या उजेडात नाल्याचं पाणी.]

हे चित्रीकरण आमचं नाही. खाडीकाठच्या एका तरुणाने पावसाळ्यात रात्री दोनला केलेलं आहे. आवाज तसाच ठेवलाय.

[व्हिडिओ पूर्ण चालू द्यावा. निवेदन नाही.]

इथले लोक सांगतात, पाऊस लागला की सोडतात. पाणी पाण्यात मिसळतं, सकाळी नाला धुतलेला असतो. अधिकाऱ्याला फोन करून तो इथे पोचेपर्यंत किती वेळ जातो, याचा हिशोब तुम्हीच करा. मॅनेजर तर इथे नसतोच. हा नाला कोणाच्या फाटकातून आला, हेच आधी शोधायचं असतं.

[दृश्य: त्याच तरुणाचं घर. फडताळ.]

त्या रात्री त्याने पाणी भरूनही घेतलं होतं. बिसलेरीच्या बाटलीत. बाटलीला मोहोर नाही. तारीख आईच्या टिकल्यांच्या पाकिटामागे लिहून रबरबँडने लावलेली आहे. तळाशी बोटभर काळा गाळ बसलाय. मंडळाच्या कार्यालयात एकदा घेऊन गेला होता, तिथल्या बाबूने बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि परत दिली.

[तरुण कॅमेऱ्यासाठी झाकण फिरवतो. कॅमेरामन मागे सरकतो, फ्रेम हलते. तो शॉट कापायचा नाही.]