पुरलेली देवी आणि राजगिऱ्याची वडी

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘मेक्सिकोच्या अभ्यासक’ म्हटलं. ते आधी दुरुस्त करायला हवं. मी ३४ वर्षं बँकेत काउंटरवर बसले. मुलीची नोकरी काही काळ मेक्सिको सिटीत होती, म्हणून तिच्याकडे अडीच महिने राहून आले आणि तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. माझं स्पॅनिश भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. तेव्हा आजचं बोलणं हे एका नवशिकीचं बोलणं समजा.

तिथे गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मेट्रो स्टेशनबाहेर एक बाई टोपली घेऊन बसलेली दिसली. टोपलीत कागदात गुंडाळलेल्या चौकोनी वड्या. नाव विचारलं तर म्हणाली, ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि मुलीला म्हटलं, “अगं, ही तर आपली राजगिऱ्याची वडी! ही इथे कशी आली?” लाह्या त्याच, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया, आणि गोडाला गूळ. त्यांचा गूळ शंकूच्या आकाराच्या छोट्या ढेपांचा असतो, त्याला ‘पिलोन्सियो’ म्हणतात.

प्रश्न मी उलटा विचारला होता, हे नंतर कळलं. राजगिरा मूळचा तिथलाच. आज एकादशी आहे, समोरच्या निम्म्या मंडळींच्या पोटात खिचडी असणार. त्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो ब्राझीलकडचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला आणि मिरची मेक्सिकोची. शुद्ध सात्त्विक उपासाचं ताट, आणि कोलंबसाच्या आधी त्यातलं यांपैकी काहीही आपल्याकडे नव्हतं! आजी जिवंत असती तर तिने मला हे बोलू दिलं नसतं.

तर राजगिरा. स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोच्या खोऱ्यात मक्याच्या बरोबरीने हे पीक घ्यायचे आणि राजाला खंडणीतही द्यायचे. सणाच्या दिवशी राजगिऱ्याचं पीठ मधात किंवा घायपातासारख्या एका झाडाच्या काकवीत मळून त्याची देवाची मूर्ती करत. पूजा झाली की मूर्ती मोडून तिचे तुकडे सगळ्यांनी प्रसाद म्हणून खायचे. स्पॅनिश धर्मगुरूंनी हे पाहिलं आणि ते हादरले, कारण देवाचं शरीर म्हणून भाकर खाणं हा त्यांचाच विधी. सैतानाने आपली नक्कल केली, असा त्यांनी अर्थ लावला. पूजेतला राजगिरा दडपला गेला आणि त्याबरोबर शेतीही आटत गेली. पण मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को नावाचं गाव आहे, तिथले लोक राजगिरा लावत राहिले, वड्या करत राहिले. वडी खाल्लेली चालत होती, फक्त तिला नाक-डोळे काढायचे नाहीत.

त्या देशाचा इतिहास मला या वडीसारखा वाटतो. तिथे गोष्टी मरत नाहीत, पुरल्या जातात. आणि पुरणाराच जागेवर खूण ठेवून जातो.

थोडी साफसफाई करून घेऊ, कारण मीही गोंधळले होते. इंका पेरूकडचे, त्यांचा इथे संबंध नाही. माया लोक दक्षिणेला, युकातान आणि ग्वातेमालाच्या बाजूला. ते ‘नष्ट’ वगैरे झालेले नाहीत, लाखो लोक आज घरात माया भाषा बोलतात. मयासुराने जाऊन ती संस्कृती उभारली, हा निरोप मला आजवर तिघांनी पाठवला आहे. नावं ऐकायला सारखी असतात, त्यापलीकडे त्यात काही नाही. तेओतिवाकानचे प्रचंड पिरॅमिड अॅझ्टेकांनी बांधले असंही लोक समजतात. ते त्यांच्या हजारेक वर्षं आधीचे, म्हणजे आपल्याकडे सातवाहन होते त्या सुमाराचे. अॅझ्टेक तिथे पोचले तेव्हा ते शहर कधीच ओस पडलं होतं. कोणी बांधलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून देव इथे जन्मले असतील असं त्यांनी ठरवलं. हे लोक स्वतःला ‘मेशिका’ म्हणत. त्यांनी १३२५च्या सुमाराला सरोवरातल्या एका बेटावर तेनोच्तित्लान वसवलं. म्हणजे देवगिरीचे यादव नुकतेच बुडाले होते तेव्हा. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि १५२१च्या १३ ऑगस्टला तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडलं. तेही एकट्या स्पॅनिशांनी घेतलं नाही. बरोबर मेशिकांना कंटाळलेल्या शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो सैनिक होते, आणि शहरात आधीच देवी शिरली होती. देवी म्हणजे आजार. ज्याला आपण घाबरून देवी म्हणायचो तो.

ही १३ ऑगस्ट तारीख लक्षात ठेवा.

जिंकलेल्या शहराची देवळं पाडून त्याच दगडांनी चर्च आणि वाडे उभे राहिले, सरोवर हळूहळू आटवलं. आजचं मेक्सिको सिटी त्या चिखलावर उभं आहे आणि खचतं आहे. तिथल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये उभं राहिलं की जमीन तिरकी आहे हे पायांना कळतं. मला आधी वाटलं, माझा रक्तदाब वाढला.

तर १७९० साली या कॅथेड्रलसमोरच्या चौकात फरसबंदीचं काम चाललं होतं. तारीख १३ ऑगस्ट. शहर पडल्याला २६९ वर्षं झालेली, आणि मजुरांच्या पहारीला एक मूर्ती लागली. अडीच मीटरहून उंच, अखंड दगडाची. तिचं नाव कोआत्लिक्वे, मेशिकांची आई-देवी, ‘जिचा परकर सापांचा आहे ती’. मान तुटलेली आणि तिथून उसळलेल्या रक्ताचे दोन साप झालेत. त्यांची तोंडं समोरासमोर येऊन तिचा चेहरा बनतो. गळ्यात हातांची आणि काळजांची माळ, मधोमध कवटी. पायांना गरुडाची नखं. आणि जी बाजू जमिनीला टेकते, जी कुणाला कधी दिसणार नाही, तिच्यावरही कोरीव काम आहे. कुणासाठी, असा प्रश्न मला पडला. उत्तर सोपं आहे, खालच्या धरतीसाठी.

आता या बाईचं काय करायचं? तिला विद्यापीठाच्या अंगणात नेऊन ठेवलं. थोड्याच दिवसांत तिथले मूळचे लोक येऊन तिच्याकडे बघत उभे राहू लागले, कुणी मेणबत्त्या लावू लागलं. विद्यापीठाच्या पाद्र्यांनी घाबरून तिला अंगणातच पुरलं. १८०३मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन संशोधक मेक्सिकोत आला. त्याला तिला पाहायचं होतं. एका बिशपांनी शब्द टाकला, माती उकरली, हुम्बोल्टने पाहिलं, आणि तो वळला तशी पुन्हा माती टाकली! स्वातंत्र्य मिळाल्यावर कुठे ती कायमची वर आली.

त्याच वर्षी, त्याच चौकात, डिसेंबरमध्ये दुसरा दगड निघाला. साडेतीन मीटर व्यासाचा, सूर्यशिला. त्याची चित्रं तुम्ही टीशर्टवर पाहिली असतील. तो मात्र कुणी पुरला नाही, उलट कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीत मानाने बसवला, कारण त्यावर दिवसांची चिन्हं आहेत आणि ते पंचांग म्हणून विद्वानांना दाखवता येतं. गणित चाललं, आई चालली नाही.

आज दोघंही चापुल्तेपेक बागेतल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात एकाच दालनात आहेत. हे संग्रहालय १९६४चं. अंगणात एका खांबावर तोललेलं अवाढव्य छत आणि त्यातून पडणारं पाणी. नवशिक्याने फक्त मेशिका दालन करावं आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी. मी एका दिवसात सगळं पाहायला गेले आणि शेवटी बाकावर झोपले.

कोआत्लिक्वेबद्दल जुन्या युरोपीय लेखनात ‘भेसूर’, ‘राक्षसी’ असे शब्द येतात. मी समोर उभी राहिले तेव्हा मला ती भेसूर वाटलीच नाही. वेरूळला सप्तमातृकांच्या शेजारी हाडांचा सापळा बसलेला आपण पाहिला आहे, मुंडमाळा घातलेली काली तर दिनदर्शिकेवर असते. आईच्या गळ्यात कवट्या असू शकतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तेवढ्यापुरता आपल्याला युरोपीय पाहुण्यापेक्षा फायदा आहे. पण तेवढ्यापुरताच. ‘म्हणजे ही त्यांची काली’ असं म्हटलं की पाहणं थांबलं. हिने दैत्य मारलेले नाहीत. ही डोंगरावरचं देऊळ झाडत होती, वरून पिसांचा एक गोळा पडला आणि तिला दिवस गेले. मुलीला हा कलंक वाटला. ती भावांना घेऊन आईला मारायला आली, तेव्हा पोटातला मुलगा शस्त्रं घेऊनच जन्मला आणि त्याने बहिणीचे तुकडे करून डोंगरावरून खाली फेकले. १९७८च्या फेब्रुवारीत वीज कंपनीचे कामगार चौकाजवळ खणत होते, त्यांना ही बहीण सापडली. सव्वातीन मीटरच्या गोल दगडावर, हातपाय तुटलेली कोयोल्शाउकी. ती मुख्य देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी होती, म्हणजे गोष्टीत पडली तिथेच. मग वरच्या जुन्या इमारती पाडून एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या हाताखाली उत्खनन सुरू झालं. आडनाव ऐकलंत ना? स्पॅनिश आले तेव्हाच्या मेशिका राजाचं नावही हेच.

आता पुरणाऱ्यांच्या खुणा. १५६२मध्ये युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात माया पोथ्या चार उरल्या आहेत, फक्त चार. पण याच लांदाने माया चालीरीतींवर टिपण लिहिलं आणि त्यात त्यांच्या लिपीची एक ‘वर्णमाला’ उतरवून घेतली. ती चुकीची होती, कारण ती लिपी वर्णांची नव्हतीच. १९५२मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत भाषातज्ज्ञाने ओळखलं की सांगणाऱ्याने वर्ण सांगितले नव्हते, अक्षरं सांगितली होती. लांदाने ‘ब्’ हा वर्ण विचारताना त्याचं स्पॅनिश नाव ‘बे’ उच्चारलं, समोरच्याने ‘बे’ हे अक्षर लिहून दिलं. आपल्या बाराखडीसारखं, स्वर धरून. तिथून ती लिपी उलगडत गेली. ज्याने ग्रंथालय जाळलं त्याच्याच खिशात किल्ली!

दुसरे पाद्री बेर्नार्दिनो दे साआगुन. ते म्हणत, वैद्याला रोग माहीत हवा, तसा आम्हाला यांचा मूर्तिपूजेचा रोग माहीत हवा. म्हणून त्यांनी मेशिकांच्या नावात्ल भाषेत लिहिणाऱ्या स्थानिक जाणकारांना हाताशी धरून १२ खंडांचा सचित्र ग्रंथ तयार केला. देव, सण, औषधं, पिसांचं काम, बाजार, आणि शहर कसं पडलं तेही, पडलेल्यांच्या तोंडून. राजगिऱ्याच्या मूर्तीची हकीकतही त्यातच आहे. याच साआगुननी तक्रार केली होती, की तेपेयाकच्या टेकडीवर ग्वादालुपेच्या मेरीला लोक ‘तोनान्त्सिन’ म्हणतात, म्हणजे ‘आपली आई’, आणि हेच नाव जुन्या देवीचं होतं. आज त्या टेकडीवर डिसेंबरात जी गर्दी उसळते ती पाहून मला आषाढातलं पंढरपूर आठवलं. म्हातारी माणसं गुडघ्यांवर सरकत येतात.

फ्रिदा काहलोबद्दल प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. तिची चित्रं चांगलीच आहेत. पण पिशव्यांवर आणि कपांवर इतकी झाली आहे की आधी दुसरं काही पाहा. तिच्या घरात पत्र्यावर रंगवलेली छोटी चित्रं शेकड्यांनी आहेत. कुणी गाडीखालून वाचला, कुणाचं बाळंतपण सुखरूप झालं, आणि खाली संताचे आभार. नवस फेडल्याची चित्रं. ती पाहून मग तिची पत्र्यावरची चित्रं पाहिली की ती कुणाच्या भाषेत बोलते आहे ते कळतं. फरक इतकाच, की तिच्या चित्रात वाचवायला वर कुणी संत नसतो.

तिच्या नवऱ्याकडे, दिएगो रिव्हेराकडे, मला जास्त वेळ थांबायचं आहे, आणि त्याचं कारण वर्ध्याचं आहे. १९१०ची क्रांती, दहा वर्षांची यादवी, आणि मग शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना खुल्या करून दिल्या. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात २००हून अधिक चित्रं रंगवली. वरच्या मजल्यावर ‘आमची भाकरी’ नावाचं एक चित्र आहे. मेजाभोवती वेगवेगळ्या वंशांची माणसं बसली आहेत आणि मधला सावळा माणूस पाव मोडतो आहे. ते आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले, इंग्रजांना हवे असलेले, जगभर फिरून १९२४मध्ये मेक्सिकोत पोचलेले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवायचे, मक्यावर संशोधन करायचे, गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. त्या विद्यालयाच्या इमारतीवर वाक्य होतं, ‘येथे जमिनीची पिळवणूक शिकवतात, माणसाची नाही’. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत २०२२ साली त्यांचा पुतळा बसला. माझ्या नागपूरच्या मामेबहिणीला फोन करून विचारलं, तर म्हणाली, “कोण गं? नातेवाईक आहेत का?” पुरून ठेवणं आपल्यालाही जमतं.

मृतांच्या सणाबद्दल दोनच गोष्टी. २ नोव्हेंबरला घरोघरी गेलेल्यांच्या आवडीचं जेवण मांडतात. आपल्या पितृपंधरवड्यासारखं, पण कावळ्याची वाट न पाहता, मजेत. आणि शहरात हल्ली निघणारी ती भव्य मिरवणूक प्राचीन वगैरे नाही. २०१५च्या एका हॉलिवूडपटात ती दाखवली आणि पुढच्या वर्षी शहराने खरोखरच काढली. प्राचीन आहे ते फूल. स्मशानापासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे माणूस वासावर घरी येतो. फूल कुठलं, तर झेंडू. तोही मूळचा तिथलाच. माझ्या जावयाने नव्या गाडीला दसऱ्याला झेंडूचा हार घातला, तो फोटो मुलीच्या मेक्सिकन मैत्रिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला, अपघात कधी झाला विचारायला.

वेळ संपली असं खुणावताहेत. बाहेर टेबलावर वड्या ठेवल्या आहेत, आमच्याच कोपऱ्यावरच्या दुकानातल्या. ज्यांचा उपास आहे त्यांनाही चालतील.