मेन पाडला तरी वरची वायर चालूच असते

हे किचन जळगावातलं. मे महिन्यात इकडं पारा ४५ च्या आसपास जातो आणि तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरमच राहतो. त्या स्लॅबखाली पीओपीचं सिलिंग, मधे काही इंचांची बंद पोकळी, आणि आज त्याच पोकळीत ओट्यासाठी कन्सील लाइट बसणारेत.

पण होल पाडायच्या आधी करंटचं बघू, कारण जिवाचा धोका तिथंच आहे. आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आणि किचनचा लाइट पॉइंट बहुतेक त्याच्यावरच असतो. आपण मेन पाडतो, इन्व्हर्टर समजतो लाइट गेली, आणि लगेच त्याच वायरमधे २३० व्होल्ट सोडतो, म्हणजे आपण निर्धास्त स्टुलावर चढलेलो आणि वरची वायर चालूच! नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण मेनचा करंट त्याच्यातून पुढं जाऊ शकतो. दोन्ही बंद करा, मग टेस्टर लावा, आणि तो टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटला लावून पेटतोय ना ते बघून घ्या. वायरींची जोडणी मात्र लायसनवाल्या वायरमनकडूनच.

आता जागा. लाइट किचनच्या मधोमध घेतला की वांगी भाजताना, भाकरी थापताना आपलीच सावली ओट्यावर पडते. ओटा साधारण २ फूट रुंद असतो, त्याच्या पुढच्या कडेच्या वर लाइन धरा. गॅसच्या बरोबर डोक्यावर नको, फोडणीची वाफ आणि तेलकट धूर थेट आत जातो.

होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायचं गोल होल पाडणारं पातं, चालवताना डोळ्यांना चष्मा पाहिजेच, पीओपीची भुकटी सरळ तोंडावर येते. आधी ठोकून बघा, आवाज भरीव आला तर वर जीआय चॅनेल, म्हणजे सिलिंग धरणारी पत्र्याची पट्टी आहे, जरा सरका.

एलईडी गरम होत नाही असं लोक म्हणतात, पण तो मागच्या बाजूनं तापतो, म्हणून तर मागं अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असते. आणि ती एलईडीला करंट पुरवणारी छोटी डबी, ड्रायव्हर, उन्हाळ्यात बऱ्याचदा तीच आधी जाते. तिला लाइटच्या पाठीवर टेकवू नका, वायर पुरेल तितकी बाजूला सरकवा. वर थर्माकोल किंवा जुनी पोती कोंबलेली असतील तर आधी काढा. जॉइंट नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत, कनेक्टर वापरा, गरमीत टेपचा डिंक सुटतो.

बघा, दोन्ही स्प्रिंग बोटांनी वर दाबून धरल्या, लाइट आत सरकवला, सोडल्या की बसला चपखल.

बटण बंद केल्यावरही लाइट मिणमिणत असेल तर बऱ्याचदा बटणात फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रल आलेला असतो, म्हणजे वर करंट कायम. ते त्याच दिवशी बदलून घ्या. शेवटी सप्लाय चालू करून आरसीसीबीचं (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर आधी तो बदला, लाइट नंतर लावू.