किल्ली फिरवा आणि ऐका

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीबद्दल, माझ्या लाडक्या एमजीबीबद्दल. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या बनल्या, पाच लाखांहून जास्त. १७९८ सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर, कॉम्प्युटरचं नाव नाही. १९७४ पासून अमेरिकेतल्या नियमांपायी तिला काळे रबरी बंपर लावले, उंचीही वाढवली आणि तिचा डौल गेला. क्रोमच्या बंपरची एमजीबी तीच खरी, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

असो. सांगायचं एवढंच की गाडी बंद पडली तर आधी कान लावा, मग पाना.

एका संध्याकाळी माझा मेकॅनिक मित्र आणि मी निघालो होतो. आभाळ भरून आलेलं. चढावर इंजिनानं दोन-तीन आचके दिले आणि गाडी गप्प. मी बॉनेट उघडायला उतरणार, तर तो म्हणाला, "बस रे. किल्ली फिरव, स्टार्टर मारू नकोस. आता ऐक."

ऐकलं. काहीच नाही.

"तेच तर! टिकटिक कुठंय?"

या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की मागून टिकटिक येते आणि कार्बोरेटर भरले की थांबते. त्यानं डिकीतून तांब्याचा हातोडा काढला. तारांच्या चाकांचा मधला नट ठोकून सोडवायला तो लागतोच. मग मागच्या उजव्या चाकापाशी वाकून त्यानं आत हात घातला, पंप चाचपला आणि हातोड्याच्या दांड्यानं हलकेच ठोकलं. एकदा, दोनदा. आणि टिक-टिक-टिक-टिक सुरू! आधी भराभर, मग सावकाश, मग बंद.

"भरलं. मार आता स्टार्टर."

पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडलं आणि पावसाच्या आत आम्ही घरी.

दुसऱ्या दिवशी पंपाचं टोपण काढलं. आतले इवलेसे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे ठिपके, वापरून वापरून काजळले होते. बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरवला, काम झालं. अशा वेळी सगळा पंपच बदलणारे लोक मला कळत नाहीत. घरातला मिक्सरही हल्ली कुणी उघडून बघत नाही, लगेच नवा आणतात. वाईट वाटतं.

तर पुन्हा सांगतो: किल्ली फिरवा, थांबा, ऐका. टिकटिक नसेल तर पंपाकडे वळा. टिकटिक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे का, पेट्रोल कुठं गळतंय का, ते बघा.

आणि पंप उघडण्याआधी बॅटरीची वायर काढा, पेट्रोलजवळ ठिणगी नको. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते, मायनस नव्हे. वायर परत लावताना तेवढं नीट बघून लावा.