हवेतलं पाणी पिणारा कापूस

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. कापूस घरात येऊन पडलाय, भावाची वाट बघणं सुरू आहे आणि घरोघरी अंगाला खाज सुटली असेल. बोलायचंय कापसाच्या ओलाव्याबद्दल, पण आधी आमच्या गावच्या एका आबाजींचा किस्सा.

आबाजींनी नवा ताणकाटा आणला. तो पारखायला वीस किलो कापसाचं सैलसर गठोडं ओसरीवर टांगलं. सकाळी बरोबर वीस. दुपारी बघतात तर पावशेर कमी! संशयित एकच, नातू. मूठभर कापूस दुकानात द्यायचा अन् गोळ्या-बिस्किटं घ्यायची, ही विद्या आबाजींनीही लहानपणी केलेली. पोराचे खिसे उलटे केले, शर्टाला कापूस चिकटलाय का पाहिलं. पोरगं रडकुंडीला आलं. रात्री आबाजींनी गठोड्याखालीच खाट टाकली. पहाटे उठून बॅटरी मारली, तर काटा पुन्हा विसावर! "चोरानं वापस आणून ठेवला का बे?" नातू म्हणाला, "राखनीले तं तुमीच होते नं, आबाजी!"

चोर होता हवेत. रात्री हवा दमट झाली की कापसाचा तंतू तिच्यातली वाफ धरून ठेवतो, दुपारी हवा कोरडी झाली की सोडून देतो. पाऊस नको, दव नको. पुन्हा सांगतो, नुसती दमट हवा पुरे. पॉलिस्टर मात्र अर्धा टक्काही पाणी घेत नाही. आणि भर उन्हाळ्याच्या लग्नात त्याचेच चकचकीत कुर्ते घालून आपले कापूसवाले घामाघूम! पिकवायचं एक, अंगावर दुसरंच. असो.

हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कात्री, 12 च्या वर कापूस परत. 12 टक्क्यांचा दहा क्विंटल कापूस 8 वर आला तर साधारण 43 किलो घटतात. ते सगळं पाणीच. वजनाच्या लोभानं ओला ठेवाल, तर गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, सरकी बिघडते.

तेव्हा वेचणी दव उडाल्यावरच. गाडी भरायची तर ऊन देऊन, दुपारनंतर. दव उडाल्यावर, बरं का! ओलावा मोजायचा मीटर घरी नसतो, दात असतात. सरकी दाताखाली धरा. कट्ट वाजली तर भरा. नुसतीच दबली, तर अजून ऊन दाखवा.