संध्याकाळी घरी आलं की अंगात काहीच उरत नाही, त्याबद्दल

नमस्कार मंडळी. आता साडेसात वाजून गेलेत, म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतनं सुटलेली बरीचशी माणसं आता घरात पोचली असतील, गाडी स्टँडला लावली असेल, चप्पल दारात आणि आपण सोफ्यावर. बूट काढायचा पण कंटाळा येतो की नाही? पोरगं वही घेऊन येतं, पप्पा हे गणित बघा की, आणि आपण म्हणतो थांब रे, दहा मिनिटं थांब, आणि ती दहा मिनिटं काही संपत नाहीत. मला आज ह्याच वेळेबद्दल बोलायचंय.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. फौंड्रीत सुपरवायझर आहे, आधी आठ वर्षं शिफ्टमध्ये होतो, आता जनरल. दीड-दोन वर्षं मला रोज असं व्हायचं, सहाला सुटलो की कावळा नाक्यापर्यंत येतानाच डोळे मिटायला लागायचे. आमच्यात कुणी लवकर दमला की काय म्हणतात माहिताय ना, वय झालं आता, नायतर व्यायाम नाही म्हणून. कोल्हापूर म्हणजे तालमीचं गाव, इथं दमलो म्हणायची पण लाज वाटते माणसाला. म्हणून कुणी बोलत नाही, आणि तिथंच नुकसान होतं असं माझं मत आहे.

संध्याकाळचा थकवा संध्याकाळी तयार होत नाही. तो आदल्या रात्रीपासून साठत आलेला असतो, मग दुपारी वाढतो, आणि आपल्याला कळतो फक्त सातला. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अॅडेनोसिन नावाचं एक द्रव्य साठत जातं, ते जेवढं साठेल तेवढी झोप अनावर होते, आणि झोपलं की ते उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ते साठलेलं काही कमी करत नाही, नुसतं त्याचा निरोप मेंदूला पोचू देत नाही, म्हणजे बिल थकलेलंच असतं, आपण फक्त पाकीट उघडून बघत नाही. आणि हे कॅफिन अंगातनं निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. मी सुटल्यावर साडेसहाला गाड्यावर एक कडक, घरी आल्यावर अजून एक, असं घ्यायचो आणि रात्री बारा वाजेपर्यंत मोबाईल घेऊन जागा, आणि सकाळी सहाला गजर. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते, मला मिळत होती साडेपाच, आणि मी टॉनिक शोधत फिरत होतो.

दुसरी चूक म्हणजे आल्या आल्या आडवं व्हायचो. संध्याकाळी सात ते आठ झोप काढली की रात्रीची भूक मारल्यासारखी रात्रीची झोप मरते. डुलकी घ्यायचीच असेल तर दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं, बसल्या बसल्या सुद्धा चालती. शिफ्टवाल्यांचं गणित वेगळं आहे, ते मला माहिताय, थर्ड शिफ्ट करून आलेल्यानं दिवसा खोलीत अंधार करून झोपावंच, आणि घरच्यांनी तेवढे तास मिक्सर, टीव्ही, दाराची बेल सांभाळावी, ते काही नखरे नाहीत.

मग खाणं. डबा खाल्ला एकला, आणि पुढचं जेवण नऊला. मध्ये आठ तास, त्यात चारचा चहा आणि दोन बिस्किटं. पोरिंग, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं काम, चालू असेल तर घाम किती जातो हे फर्नेसजवळ उभा राहिलेल्या माणसालाच माहीत, आणि पाणी प्यायला कुणाला सुचतंय. मी आता साडेचारला मूठभर फुटाणे-शेंगदाणे खातो, केळ असेल तर केळ, आणि दुपारी तांब्याभर ताक. एवढ्यानं सहा वाजताचं माझं डोकं दुखायचं बंद झालं. बीपी असणाऱ्यांनी ताकात मीठ घालू नये एवढं बघा.

आणि चालणं. दमलेल्या माणसाला चाल म्हणणं म्हणजे अन्याय वाटतो, मलाही वाटला. पण दिवसभर ऑफिसात बसून येणारा थकवा हा बसून जात नाही. घरी न शिरता सरळ रंकाळा तलावाला गाडी लावायची आणि वीस मिनिटं हळूहळू, गप्पा मारत, भेळीच्या गाड्यांच्या अलीकडनं वळायचं. दिवसभर उभं राहून, ओझं उचलून येणाऱ्यांना मात्र मी हे सांगणार नाही, त्यांनी पाय वर करून बसावं, त्यांचा व्यायाम झालेला असतो.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. माझं असं सगळं सुरळीत होत होतं आणि मी घरात मोठ्या उत्साहानं सांगत होतो, तर बायको एकदा ओट्याशी उभी राहून म्हणाली, अहो, मला पण जिना चढताना धाप लागते हो. ती शाळेत शिकवते, पाचला येते, आणि आल्यावर तिची दुसरी शिफ्ट सुरू होते, भाकरी, पोरांचा अभ्यास, आईंची औषधं. माझा थकवा मी दीड वर्ष घरात मिरवला आणि तिचा मला दिसला नाही. मी आल्यावर सोफा, ती आल्यावर गॅस, असंच चाललेलं. हे सांगताना मला अजून वाईट वाटतं.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. बाईचं किमान 12 पाहिजे, पुरुषाचं 13. आणि ही काही एका घरातली गोष्ट नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 100 बायकांत 54 जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त बायका रक्त कमी असताना भाकऱ्या थापतायत, आणि आपण म्हणतो बायकांना काय, दुखणं असतंयच. तिच्या बाबतीत पाळीत रक्त जास्त जात होतं, वर्षानुवर्षं, आणि ती कुणाला बोलली नव्हती, कारण बोलायची पद्धतच नाही. म्हणून नुसती गोळी घेऊन भागलं नाही, डॉक्टरांनी त्याचं कारण पण शोधलं.

लोखंडाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोटात मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी आठ दिवसांत सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. हिमोग्लोबिन बरोबर आल्यावरसुद्धा साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात, कारण अंगातला साठा भरायचा असतो. जेवणावर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही, तासभर जाऊ दे. पालेभाजीवर लिंबू पिळा. गूळ आपल्याकडचा चांगला आहे, खावा, पण 8.6 चं 12 गुळानं होत नाही.

दोन-तीन आठवडे नीट झोपून, खाऊन पण थकवा जात नसेल तर दवाखान्यात जा. सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी), साखर, थायरॉईड, बी-12 एवढ्या साध्या तपासण्यांत बरंच कळतं, शाकाहारी माणसांनी बी-12 तर विचारूनच घ्यावं. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पण रक्त तपासून मिळतं. झोपेत मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं, सकाळी डोकं जड, असं असेल तर ते वेगळं सांगा, कारण तो माणूस आठ तास झोपतो आणि तरी त्याची झोप झालेली नसते, हे बायकोला कळतं, त्याला नाही. वजन आपोआप उतरतंय, छातीत दुखतंय, पायाला सूज, तर तीन आठवडे पण थांबू नका. आणि कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर तोही आजारच आहे, 14416 वर फोन करा, टेलिमानसची सरकारी लाईन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आमच्याकडं आता संध्याकाळी पहिली पंधरा मिनिटं कुणी कुणाला काही मागत नाही. दोघं बसतो, पाणी पितो. मग कणीक मी मळतो, भाकरी अजून जमत नाही, कडा फुटतात, ती चपातीच खाते. पोरगं तिथंच जमिनीवर बसून गणितं करतं. तिचं आता 10.9 झालंय. परत कधी तपासायचं ती तारीख तिनंच कॅलेंडरवर लिहिलीय, दुधाच्या हिशोबाच्या खाली.