रस्त्याची राणी: सिट्रोएन १५-सिक्स

[दृश्य: काळी, लांब नाकाची गाडी. बोनेटची एक बाजू वर उचललेली.]

पुढे जाळी, जाळीमागे रेडिएटर, त्याच्याखाली गिअरबॉक्स आणि मग इंजिन. मोजून घ्या. एकामागे एक, सरळ रांगेत सहा सिलिंडर.

[दृश्य: जुनं छायाचित्र, पॅरिस]

१९३४. सेन नदीकाठच्या जाव्हेल कारखान्यातून आंद्रे सिट्रोएन यांची 'त्राक्सिओं आव्हाँ' बाहेर पडली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. म्हणूनच गाडी इतकी बुटकी. यंत्ररचना आंद्रे लफेव्र यांची आणि हा डौल फ्लामिनिओ बेर्तोनी यांचा. बेर्तोनी मुळात इटलीचे शिल्पकार, आणि मडगार्डचा हा उतार पाहिला की ते सांगावं लागत नाही.

पण या गाडीपायी कंपनी कर्जात बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पॅरिस प्रदर्शनात आठ सिलिंडरांची '२२' मांडली होती. ती कधीच विक्रीला आली नाही. डिसेंबरात दिवाळं निघालं आणि कारखाना मिशेलिन या टायर कंपनीच्या ताब्यात गेला. जुलै १९३५ मध्ये आंद्रे सिट्रोएन वारले. आपल्या गाडीचं यश त्यांना पाहायला मिळालं नाही, याची हळहळ आजही वाटते.

नव्या मालकांनी हात आखडता घेतला, आणि त्या काटकसरीतूनच १९३८ मध्ये 'त्राक्सिओं आव्हाँ'चीच मोठी आवृत्ती, १५-सिक्स, घडली. चार सिलिंडरांचं १९११ सीसीचं इंजिन हाताशी होतं. सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर, पिस्टनची धाव १००. तीच मापं ठेवून दोन सिलिंडर वाढवले, झालं २८६७ सीसी. ७७ अश्वशक्ती, ताशी सुमारे १३० किलोमीटर. फ्रेंचांनी तिला नाव दिलं, 'रस्त्याची राणी'.

[दृश्य: डॅशबोर्डमधून बाहेर आलेला गिअरचा दांडा]

गिअर तीनच. नाकावर वजन वाढलं, त्यामुळे गाडी हळू असताना स्टिअरिंग फिरवायला दंडात जोर हवा. पहिली इंजिनं डावीकडे फिरत. युद्धानंतर, १९४७ मध्ये, ती उजवीकडे फिरू लागली.

[दृश्य: मागचं चाक, जमिनीलगतून]

आणि आता हे मागचं चाक पाहा. १९५४ च्या '१५-सिक्स एच'मध्ये इथे नेहमीच्या स्प्रिंगचं काम एका गोळ्याने घेतलं. आत दाबलेला नायट्रोजन वायू आणि द्रव, मध्ये पातळ पडदा. खड्डा आला की द्रव वायूला दाबतो, धक्का तिथेच विरतो. मागे माणसं बसली, डिकी भरली, तरी पंप द्रव वाढवून गाडी पुन्हा समतल करतो. ही पॉल माजेस यांची करामत. पुढची चाकं मात्र जुन्याच पद्धतीची.

ऑक्टोबर १९५५ मध्ये सिट्रोएनची नवी गाडी 'डीएस' आली, तेव्हा चारही चाकांवर हेच गोळे होते. या वृद्ध राणीने ते आधी आपल्या पाठीवर वाहून पाहिले होते.

[दृश्य: मागच्या सीटवर तिघे बसतात. गाडीची मागची बाजू दबते, आणि हळूच वर येते.]